आठ गळ्यांचा सोमवार

आमच्या मंडळाची सोमवारची ऑनलाईन मिटिंग तुम्हाला काही न सांगता दाखवली, तर तुम्ही पहिला फोन पोलिसांना लावाल. स्क्रीनवर आठ चौकटी आणि एकाही चौकटीत तोंड नाही. नुसते गळे. हनुवटीपासून गंजीफ्रॉकपर्यंत तेवढा भाग, बाकी माणूस कापलेला. कुठे घाटी वरखाली होतेय, कुठे शिरा तटतटल्यात, एका गळ्यात काळा दोरा, एकात तुळशीची माळ. आणि आवाज म्हणाल तर आठातला फक्त एकाचा. बाकीचे सात जण बिनआवाजाचे, पण घसा फुटेस्तोवर ओरडताना दिसतायत.

हे भजन आहे. हसू नका. म्हणजे हसा, पहिले चार महिने मीही हसलो.

"गळा दाखव" हे भिकूबुवांचं वाक्य. माणूस दाढीला बसला तरी तेच, भजनाला बसला तरी तेच. बुवांचं सलून रत्नागिरीत, मांडवीच्या रस्त्याला आणि माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्याला चिकटून. मधे भिंत आहे, पण ती प्लायवूडची, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी शिंकलं तर मी बरं वाटू दे म्हणतो. चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या गळ्यासमोर उभा आहे. दिवसा वस्तरा घेऊन, संध्याकाळी पेटी घेऊन. आमच्याकडच्या भजनात बुवा पेटीवर बसून ओळ सोडतो आणि मागे बसलेले ती उचलतात. त्या मागच्यांना आम्ही कोरस बोलतो. बुवांचा कोरस सात जणांचा. सगळे त्यांची गिऱ्हाइकं, आणि सगळ्यांचे गळे त्यांना हातावरच्या रेषांसारखे पाठ.

रस्त्यात भेटले तर बुवा तोंडाकडे बघत नाहीत. हनुवटीच्या खाली बघतात आणि मग ओळख देतात. माझ्या आत्येभावाच्या लग्नात नवरीच्या काकांसमोर हात जोडून उभे राहिले, त्यांच्या गळ्याकडे नीट बघितलं आणि बोलले, "आपण काळी दोन का?"

काका बिचारे गोंधळले. "नाय नाय," ते बोलले, "आम्ही लांज्याचे."

बुवांना पेटीची पट्टी विचारायची होती. त्यांच्या हिशोबी प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या पट्टीत जन्माला येतो आणि ती पट्टी गळ्यावर दिसते. बँकेतले मॅनेजर पांढरी एक. भाजीवाली बाई काळी चार, "पण चाळीस मीटरवरनं ऐकावी." मी विचारलं, बुवा, मी कोण? माझा गळा त्यांनी डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला.

"तू कुठल्याच पट्टीत नायस. तू राघू. समोर असंल त्याचा गळा लावतोस."

तेव्हापासून मी राघू. खोटं नाही ते. शाळेत असल्यापासून मला आवाज काढायची खोड आहे. एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट, आमचे हेडमास्तर, पावसात बंद पडलेली स्कूटर. मंडळातल्या एकूण एक माणसाचा आवाज मला येतो. एकदा दुकानात मित्रांसमोर खुद्द बुवांची नक्कल केली. झाली आणि प्लायवूडवर टकटक झाली. मला वाटलं आज आपली भादरणार. पलीकडून बुवांचा शांत आवाज आला, "राघू, मी ओळीच्या मधे श्वास घेत नाय. आधी घेतो. परत कर."

असा माणूस. रागावत नाही, सुधारतो. आणि सुधारायचं कधी थांबत नाही. "छान झालं" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघालेले मी ऐकले नाहीत. त्यांची कात्रीसुद्धा हवेत चालते तेव्हा ठेक्यात चालते, आणि गिऱ्हाईक बेसूर गुणगुणायला लागलं की ठप्प बंद होते. अर्धं डोकं कापलेला माणूस गप्प बसला की पुन्हा चालू.

तर हा ऑनलाईनचा प्रकार सुरू झाला लॉकडाऊनमध्ये. सलून बंद, भजन बंद. सलूनला सोमवारची सुट्टी असते म्हणून मंडळ कायम सोमवारी संध्याकाळी पाच वाजता सलूनमध्येच बसायचं, खुर्च्या भिंतीला लावून. त्यात खंड नको म्हणून बुवांनी मला बोलावलं आणि बोलले, "तुज्या त्या फोनात आठ माणसं मावतात काय?" मावतात बोललो. सगळ्यांचे फोन मीच लावून दिले. माईकचं बटण कोणालाच सापडेना, म्हणून माईक माझ्याकडून चालू-बंद करता येईल अशी सोयही करून ठेवली. ही सोय लक्षात ठेवा, तिच्यामुळेच पुढे मी खड्ड्यात गेलो.

पहिल्या सोमवारी बुवांनी ओळ सोडली. ती सात घरी सात वेगवेगळ्या वेळी पोचली आणि सात कोरस परत आले ते गणपतीला मुंबईच्या गाड्या येतात तसे. पहिली वेळेवर, बाकीच्या लागतील तशा. सुरेशचा पखवाज तर बुवा पुढची ओळ संपवून पाणी पिताना पोचला. मंडळातले गावडे मास्तर निवृत्त शिक्षक, त्यांनी हात वर करून सांगितलं की अशाने देवसुद्धा मिटिंग सोडून जाईल.

बुवांनी पेटीवर फडकं टाकलं. तीन दिवसांनी प्लायवूडवर टकटक झाली.

"सगळ्यांचे आवाज बंद कर. माजा एकट्याचा ठेव. आणि त्यांना सांग, फोन खाली धरा. मला तोंडं नकोत, गळा दाखवा."

"आणि ऐकणार कोण, बुवा?"

"मी बघणार."

मी आत्तापर्यंत पुष्कळ कॅमेरे उघडले, पण असा बघणारा माणूस बघितला नव्हता. बुवा ओळ म्हणायचे आणि गप्प व्हायचे. ती गप्प बसायची जागा म्हणजे कोरसची. सात घरांत सात माणसं आपापल्या भिंतीकडे बघून ओरडतायत, सलूनमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल, आणि बुवा आरशाला लावलेल्या टॅबकडे डोळे बारीक करून बघतायत. जागा संपली की, "मास्तर, शेवटचं अक्षर खाल्लंत." मास्तर लगेच गळ्यानेच मान हलवणार. "सुरेश, तू खाली लागलास." पुढची ओळ.

सलूनमध्ये समोर आरसा आणि मागे आरसा. टॅबमधले गळे समोर आठ दिसायचे, मागे आठ, मग त्याच्या आत पुन्हा आठ, असे लांबवर. मधे एक माणूस पेटी घेऊन. मी दारात उभा राहून नक्कल करायला म्हणून बघायचो आणि नक्कल करायचं विसरून जायचो.

पण मला हे पटत नव्हतं. माणूस नुसत्या गळ्यावरून सूर ओळखतो म्हणजे काय. मी सुरेशला पटवला. सुरेश टेम्पो चालवतो, वात्रटपणात माझा भाऊ. त्याला सांगितलं, येत्या सोमवारी कोरसच्या जागेला अभंग म्हणू नको, एसटीचे थांबे म्हण. सुरेशने चालीत सुरुवात केली, खेड, चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर. अगदी तालात. बाकी सहा गळे अभंगात, हा एक हायवेवर.

बुवांनी पेटी थांबवली.

"सुरेश, काय बोलतोस ता नाय कळत. पण ता देवाचं नाय."

त्या दिवसापासून मी मंडळाच्या मिटिंगला वेळेवर यायला लागलो.

आता बुवा अगदीच अंतर्ज्ञानी होते असंही नाही. एकदा रेंज गेली आणि सुरेशचं चित्र गळा ताणलेला असतानाच अडकलं. बुवा एक मिनिट बघत राहिले, दोन मिनिटं बघत राहिले. मग सगळ्यांना बोलले, "ह्याला दम बोलतात. शिका." कौतुक म्हणून त्यांनी आयुष्यात एवढंच केलं, तेही बंद पडलेल्या फोनचं.

लॉकडाऊनमध्ये दाढ्या वाढल्या तेव्हा पंचाईत झाली. गळे दिसेनात. "गवतात काय शोधू मी?" बुवा बोलले आणि त्यांनी दर रविवारी दाढीची मिटिंग लावली. सात जण आपापल्या न्हाणीघरात फोन टेकवून उभे, तोंडाला फेस, आणि बुवा सलूनमधून ठेका धरतायत. वरून खाली, वरून खाली, सम आली की पातं धुवा. मास्तरांनी विचारलं, डाव्या बाजूला कितव्या मात्रेवर जायचं. बुवांनी सांगितलं. त्या रविवारी मास्तरांचं फक्त एकदा कापलं, तेही त्यांच्या मते द्रुत लयीमुळे.

आता दत्तारामविषयी सांगतो. खरं म्हणजे सगळं त्याच्याचसाठी सांगत होतो.

दत्ताराम मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात होता. बुवांचा शाळेपासूनचा दोस्त, मंडळात बुवांना "भिक्या" म्हणणारा एकुलता एक माणूस. कोरसमध्ये बुवांच्या उजव्या खांद्यामागे त्याची जागा. बुवांची ओळ संपली की पहिला उचलणार तो, मग बाकीचे. गोल, गार आवाज. आणि सगळ्यात जास्त बोलणी त्यालाच. "दत्ता, घाई करतोस." "दत्ता, परत घाई." दत्ताराम हसायचा, कान पकडायचा, आणि पुढच्या ओळीला पुन्हा घाई करायचा. मला वाटायचं ह्यांचं काहीतरी जुनं भांडण आहे. चाळीस वर्षं एकाच चुकीवरून कोण बोलतं कोणाला?

निवृत्त झाल्यावर तो डोंबिवलीला मुलाकडे गेला. तोवर लॉकडाऊन संपून गेला होता, सलून उघडलं होतं. मास्तर बोलले, "आता आपण सात जण इथेच बसूया, आणि दत्तारामला फोनवर ठेवूया." सगळ्यांनी माना हलवल्या. सोपं होतं, गाता आलं असतं, ऐकता आलं असतं.

"नाय," बुवा बोलले. "सात जण घरात आणि एक खिडकीत, म्हणजे तो बाहेरचा झाला. सगळेच खिडकीत बसा."

त्यामुळे मांडवीतले लोक, ज्यांची घरं सलूनपासून हाकेच्या अंतरावर, ते सोमवारी आपापल्या घरी दार लावून फोनसमोर गळा धरून बसायचे. सुरेशच्या बायकोने मला विचारलंसुद्धा, ह्यांना डॉक्टरने सांगितलंय का.

आणखी एक नियम होता. आठ म्हणजे आठ. एक जरी कमी असला तरी गाणं नाही, नुसतं बसायचं. एरवी हे निभायचं. पण मागच्या वर्षी दत्ताराम ओळीने पाच सोमवार आला नाही. मुलाने कळवलं, बाबा जरा बाहेर आहेत. पाच सोमवार सात गळे समोरासमोर बसले आणि सुरमई किती महाग झाली ह्यावर बोलले. पेटीवर फडकं तसंच.

सहाव्या सोमवारी आठवी चौकट उघडली. गळा थोडा वाळलेला, पण तोच. खाली लिहून आलं, माझ्या फोनचा माईक बिघडलाय, त्यामुळे बोलता येणार नाही, सुरू करा. बुवांनी त्या चौकटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फडकं काढलं आणि ओळ सोडली. जागा संपल्यावर बोलले, "दत्ता, घाई."

त्यानंतर दर सोमवारी तेच. माईक बिघडलेला, दत्ताराम आलेला. आणि इथे माझा किडा वळवळायला लागला. मी मोबाईल दुरुस्त करणारा माणूस. माझ्या डोळ्यांदेखत एक माईक महिनोन्‌महिने बिघडलेला राहतो म्हणजे काय. बुवांना बोललो, डोंबिवलीला माझा एक मित्र आहे, दहा मिनिटांचं काम आहे, त्याच्याकडे पाठवा.

"राहू दे," बुवा बोलले.

"नवीन हेडफोन पाठवतो, माझ्याकडून."

"राहू दे बोल्लो ना तुला."

मला वाटलं, हीच ती जुनी खुन्नस. मित्राचा आवाज बंद तर बंद, ह्यांना पर्वा नाही. मग एका सोमवारी मी स्वतःच बघायचं ठरवलं, की बिघाड माईकमध्ये आहे का सेटिंगमध्ये. बुवांची ओळ संपत आली होती. मी माझ्या दुकानातून दत्तारामचा माईक चालू केला.

माईक एक नंबर होता. इतका साफ माईक मी वर्षभरात ऐकला नव्हता. पंखा ऐकू आला, शेजारच्या घरातला कुकर ऐकू आला, आत कोणीतरी पोर सातचा पाढा म्हणत होतं तो ऐकू आला. आणि ह्या सगळ्याच्या मधे, ठेक्यावर, श्वास. नुसता श्वास. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा. शब्दांचे आकार सगळे होते, कुठे ऱ्हस्व कुठे दीर्घ तेही होतं, फक्त आवाज नव्हता.

मला हात हलवता येईना. ही कोरसची जागा, सगळे गप्प, म्हणजे जे मी ऐकत होतो ते आठही ठिकाणी जात होतं.

आणि तेवढ्यात बुवांनी कोरसची ओळ स्वतः उचलली. वरच्या पट्टीत, एवढ्या मोठ्याने की प्लायवूड थरथरलं. चाळीस वर्षांत ह्या माणसाने मागची ओळ कधी म्हटली नव्हती. बुवाने म्हणायचीच नसते ती. त्यांच्या आवाजाखाली पंखा, कुकर, पाढा सगळं बुडालं. मी माईक बंद केला.

"बुवा, आमची ओळ घेतलीत तुम्ही," हात वर केलेल्या मास्तरांचा माईक मी उघडताच ते बोलले.

"विसारलो," बुवा बोलले.

मास्तरांना काही कळलं नव्हतं. कोणालाच कळलं नव्हतं. फक्त आठव्या चौकटीतला गळा थांबला होता. माईक चालू झाल्याची खूण त्याला दिसली असणार. मग ती चौकट कलली, तिच्यात छत दिसलं, पंखा दिसला, आणि ती काळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तोच टकटक झाली. गेलो. सलूनमध्ये कोणी नव्हतं. बुवांनी खुर्ची फिरवली.

"बस."

"बुवा, माझी दाढी कालच केलीय."

"बस. गळा दाखव."

मी मान मागे टाकली. त्यांनी फेस लावला, सावकाश, आणि वस्तऱ्याचं पातं बदललं. माझी घाटी त्या फेसाखाली वरखाली होत होती ती मलाच दिसत होती. वस्तरा हनुवटीखाली आला तेव्हा मी बोललो, "बुवा, मला वाटलं माईक बिघडलाय."

"माईक चांगला हाय. ऐकलास ना."

"त्यांचा आवाज..."

"बोलू नको. कापंल." वस्तरा चालत राहिला. मग तेच बोलायला लागले, वस्तऱ्याच्या ठेक्यात, एका हाताला एक वाक्य. "तोंडातनं दुर्बीण घालून कायतरी गाठ काढली. बाहेरनं काय दिसत नाय. आवाज गेला तो गेला. त्याच्या मुलाने मला नंतर सांगितलं. पण मला त्या पहिल्याच सोमवारी कळलं. शीर फुगत नव्हती."

त्यांनी वस्तरा पुसला तेवढ्यात मी विचारलं, "मग तुम्ही त्यांना सांगितलं नाय, की तुम्हाला माहिताय?"

"त्याने मला सांगितलं का? त्याला वाटतं मला कळलं नाय. वाटू दे."

"आणि तरी त्यांना बोलता? घाई करतोस म्हणून?"

बुवा थांबले. आरशातून माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे.

"करतो तो घाई," ते बोलले. "आवाज गेला, घाई नाय गेली. माजी ओळ संपायच्या आत सुटतो. आता तिथं घरात सगळे त्याला काय बोलत असतील? जपा. गरम पाणी घ्या. नका बोलू. त्याची चूक कोण काढणार?"

त्यांनी तोंडावर पाणी मारलं, टॉवेल दिला, आणि खुर्ची फिरवायच्या ऐवजी खुर्चीमागे तसेच उभे राहिले.

"राघू, तुला सगळ्यांचे आवाज येतात. दत्ताचा येतो?"

येतो. मी डोळे मिटले आणि दत्तारामने उचलायची ती ओळ उचलली, त्याच्या गोल, गार आवाजात, थोडी घाईने. ओळ संपली. डोळे उघडले तर बुवा आरशाकडे पाठ करून पावडरचा डबा फडक्याने पुसत होते. डबा स्वच्छच होता.

"एवढा गोड नव्हता," ते बोलले. मग जरा वेळाने, "घाई बरोबर घेतलीस. आता परत हा आवाज काढू नको. कोणासमोर नाय."

आठवडा गेला. सोमवारी पाच वाजता मी मिटिंग सुरू केली आणि सात चौकटी उघडल्या. सव्वापाच झाले. साडेपाच झाले. बुवांचे हात पेटीवर, फडकं न काढता. मी दुकान सोडून सलूनच्या दारात येऊन उभा राहिलो होतो.

मास्तरांनी हात वर केला. मी त्यांचा माईक उघडला. "बुवा, राग मानू नका. दत्तारामची तब्येत, लांबचा मुक्काम, हे असंच चालणार. नियम आठचा आहे ना, मग आठवा नवा घेऊया. माझा एक विद्यार्थी आहे, चांगला गातो."

सुरेशचा गळाही हळूच हो म्हणत होता. त्यांचंही चूक नव्हतं. परत पाच सोमवार सुरमईवर कोण बसणार? मंडळं अशीच मोडतात, भांडून नाही.

"राघू," बुवा बोलले, "दत्ताला माजा आवाज पाठव. तिकडं बटण दाब."

मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांच्या देखत, सहाही घरी ऐकू जाईल असं बोलायला सुरुवात केली.

"दत्ता. गेल्या सोमवारी माजी ओळ संपायच्या आत सुटलास. परत. दोन अक्षरं आधी. त्याच्या आधीच्या सोमवारी एक अक्षर होतं, म्हणजे वाढवत चाललायस. माईक नाय म्हणून मला दिसत नाय असं समजू नको, चाळीस वर्षं तुजा गळा बघतोय. इथं मास्तर बोलतात तुज्या जागेवर नवा माणूस घ्या. घेतो. तू फक्त एक सांग, माज्या उजव्या खांद्यामागे बसंल असा दुसरा गळा रत्नागिरीत कोणाचा हाय. नाव सांग, मी आजच बोलावतो. सांगता येत नसंल तर सहा वाजेपर्यंत ये. आणि येताना दाढी करून ये, मागच्या वेळी खुंट होते."

मी बटण सोडलं. संदेश गेला. थोड्या वेळाने तो ऐकला गेल्याची खूणही आली. मास्तरांनी वर केलेला हात खाली घेतला, माईक त्यांनी स्वतःच शोधून बंद केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पावणेसहा. बाहेर मांडवीकडे जाणाऱ्या गाड्या चालू होत्या. बुवांनी फडकं काढून त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. सहाला पाच कमी असताना आठवी चौकट उघडली.

आधी अंधार, मग भिंत, मग हलत हलत गळा. ताजी दाढी केलेला, उजवीकडे कानाखाली थोडा फेस राहिलेला. दत्ताराम मोठ्याने श्वास घेत होता, ते दिसत होतं. माझं बोट माईकच्या बटणाच्या आसपाससुद्धा नव्हतं, हात मी खिशात घातले होते.

बुवांनी आलास, कसा आहेस, काही विचारलं नाही. पेटीचा भाता उघडला आणि ओळ सोडली. मग गप्प झाले. समोरच्या आरशात आठ गळे, मागच्या आरशात आठ, आतमध्ये आणखी आठ, सगळे एकदम सुटले, आणि सलूनमध्ये काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मला त्या शांततेत आधी कधी ऐकू आलं नव्हतं ते सगळं ऐकू आलं. मास्तरांचं खाल्लेलं अक्षर, सुरेशचा खालचा सूर, आणि सगळ्यांच्या पुढे, दोन अक्षरं आधी, तो गोल, गार आवाज.

जागा संपली.

"दत्ता," बुवा बोलले, "घाई."

आठव्या चौकटीत खालून एक हात आला. वर सरकला आणि कानाची पाळी धरून तसाच थांबला. त्याच्यामागे हनुवटी हलत होती, हसण्याने की कशाने ते गळ्यावरून मला अजून ओळखता येत नाही.

बुवांना येतं. त्यांनी बघितलं, पुरेसं बघितलं, आणि पुढच्या ओळीसाठी पेटीवर बोटं ठेवली.

"हात काढ मेल्या," ते बोलले. "गळा दाखव."